चिमाजी मरगळ्याचं दाढीचं मशीन

मित्रांनो, मी एक जुना पितळी रेझर आहे. आमच्या वस्तीवर मला रेझर कुणी म्हणत नाही. सगळे 'दाढीचं मशीन' म्हणतात. मशीन म्हणावं असं माझ्यात फार काही नाही. एक दांडा, त्याच्या टोकाला डोकं, आणि दांड्याचं बूड फिरवलं की डोक्याची दोन दारं उघडतात, एवढीच माझी करामत. त्या दारांत पोलादाचं एक पातळ पान ठेवायचं आणि दारं लावून घ्यायची. पानाची धार दोन्ही अंगांनी जराशी बाहेर डोकावते. तेवढी पुरते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेची कांब कातून मला घडवलं. साबणाच्या ओल्या हातातून मी निसटू नये म्हणून माझ्या दांड्यावर बारीक जाळी कोरली. मग चकचकीत मुलामा चढवला. तो मुलामा आता जागोजागी निघाला आहे आणि आतलं पिवळं पितळ दिसतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. जिथे तो निघाला आहे, तिथे इतकी वर्षं एकाच माणसाची बोटं बसली आहेत.

त्या माणसाचं नाव चिमाजी मरगळे. राजगडाखाली पाली गाव आहे. पालीच्याही वर, डोंगराच्या कुशीत, धनगरांची चार-सहा घरं आहेत. त्यातलं कडेचं घर चिमाजीचं. दारात म्हशी, मागे कारवीच्या कुडाचा गोठा. चिमाजीनं मला भोरच्या बाजारात विकत घेतलं, ते त्याच्या लग्नाच्या आठवड्यात. दुकानदारानं मला कागदात गुंडाळायला घेतलं, तर चिमाजी म्हणाला, "राहू द्या, असंच द्या." आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून त्यानं मला घरी नेलं. एसटीत तो मधूनच खिशाला हात लावून बघायचा.

त्या काळात चिमाजी उन्हाळ्यात विहिरी खोदायला जायचा. अंगानं दणकट, कामाला वाघ, आणि राहणीला मात्र नवऱ्या मुलासारखा. विहिरीवर जायचं असो की म्हशींमागे, दाढी केल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. बाकीचे गडी हसायचे. "चिमाजी, म्हशीला दाखवायची का रं दाढी?" तो म्हणायचा, "म्हशीलाच दाखवायची. ती खरं सांगती." रत्ना, म्हणजे त्याची बायको, चुलीवरून तांब्याभर कढत पाणी आणून द्यायची. तो अंगणातल्या दगडावर बसायचा, ब्रश भिजवायचा, साबणाचा दाट फेस करायचा. मला हातात घेताना तो कधी घाई करत नसे. मला वाटतं, कुठल्याही वस्तूला एवढंच हवं असतं.

पुढे सोमेश्वर जन्मला. सगळे त्याला सोमा म्हणत. तो रांगता झाला, चालता झाला, बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो थांबेचना. "ह्ये पोरगं पुढारी होतंय," असं रत्ना म्हणायची.

मग मार्गासनीच्या बाजूला एका विहिरीचं काम आलं. पुढचं मी घरात जे बोलणं झालं त्यातून ऐकलं. विहिरीच्या तळाशी सुरुंग भरले होते, वाती पेटवल्या होत्या, आणि गडी दोराच्या शिडीनं वर निघाले होते. गेनू नावाचा एक जण सगळ्यांत मागे होता. त्याचा पाय शिडीच्या दोरात अडकला. चिमाजी काठावर पोचलाच होता. तो परत खाली उतरला, गेनूचा पाय सोडवला, त्याला खालून ढकलून वर चढवलं. गेनू काठावर गेला. चिमाजीला वर यायला जरासा उशीर झाला.

जीव वाचला. डोळे गेले.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा गेनू भेटायला आला आणि उंबऱ्यातच ढसाढसा रडायला लागला. चिमाजी त्याला म्हणाला, "रडू नगं. तुझ्या घरी बी ल्हान पोर हाय. म्या न्हाई उतरलो असतो, तर हे डोळं ठेवून करायचं काय व्हतं?" पुन्हा त्या गोष्टीवर तो कधी बोलला नाही.

मित्रांनो, माझे वाईट दिवस तेव्हापासून सुरू झाले. रत्नानं मला धुऊन, पुसून नाचणीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. तिला भीती वाटायची. पालीतून न्हावी वर यायचा आणि चिमाजीची दाढी करून जायचा. पण पावसाळ्यात वाट निसरडी होते, ओढे भरतात. मग तो यायचा नाही. चिमाजीची दाढी वाढायची. भेटायला येणारी माणसं हळू आवाजात बोलायची, उठताना सुस्कारा टाकायची. कणगीच्या आत, नाचणीच्या दाण्यांत गाडलेला मी सगळं ऐकत होतो.

एके दिवशी चिमाजी म्हणाला, "रत्ना, मशीन दे माझं."

"कशाला?"

"मशीन कशाला असतं?"

"म्या न्हाई द्यायची. गळा कापून घ्याल."

रत्ना हंडा घेऊन झऱ्यावर गेली. ती वाट उतरल्याचा आवाज त्यानं ऐकला, आणि मग त्यानं घर चाचपायला सुरुवात केली. देवळी, फळ्या, माळा, अंथरुणांची चवड. भांडी पडली, पिठाचा डबा सांडला. शेवटी कणगीत कोपरापर्यंत हात गेला आणि त्याची बोटं माझ्या दांड्यावर पडली. मुठीत घट्ट धरून तो तसाच उभा राहिला.

रत्ना परत आली तेव्हा चिमाजी अंगणातल्या दगडावर बसला होता. तोंडाला फेस, हातात मी. रत्नाच्या डोक्यावर भरलेला हंडा होता. ती जागच्या जागी थबकली. ओरडली असती तर त्याचा हात हलला असता, म्हणून ओरडता येईना. हंडा उतरवला असता तर आवाज झाला असता, म्हणून उतरवता येईना. हंडा डोक्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली.

चिमाजीनं डावा हात पुढे धाडला. डाव्या हाताची बोटं गालाची कातडी ताणत, वाट दाखवत पुढे जायची आणि मी त्यांच्या मागून. मला आयुष्यात कधी इतक्या हलक्या हातानं कुणी धरलं नव्हतं. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं. त्यानं तुरटी फिरवली, तोंड धुतलं आणि म्हणाला, "रत्ना, तिथं उभी हायस न्हवं? बघ बरं, कुठं राहिलंय."

रत्ना कशीबशी म्हणाली, "डाव्या कानाखाली राहिलीया."

"मंग हंडा उतरव की. मान मोडंल."

त्या दिवसापासून मी पुन्हा ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत, माझ्या जुन्या जागी आलो. चिमाजी धारा काढायला लागला, दोर वळायला लागला. म्हशीच्या पायांच्या आवाजावरून ती कुठली हे तो ओळखू लागला. आणि रोज सकाळी दाढी. पुढे पुढे त्याच्या हनुवटीवर ओरखडासुद्धा उठेना. नवं माणूस वस्तीवर आलं तर त्याला बराच वेळ कळायचंही नाही, की या गुळगुळीत दाढीच्या माणसाला दिसत नाही.

सोमाला तो हातानं बघायचा. शाळेतून पोर आलं की जवळ घ्यायचा, कपाळावरून, नाकावरून, गालावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "वाढलास की रं." सोमा आधी हसायचा. मोठ्या शाळेत गेल्यावर मान मागे घ्यायला लागला. "आबा, असूं द्या की आता." चिमाजीनं हात आवरला. त्यानंतर कितीतरी वर्षं पोराचा चेहरा त्यानं पाहिला नाही.

सोमा भोरला कॉलेजात गेला. दोन मुलांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. भोरहून नसरापूर, तिथून मार्गासनी, मग जीपनं पाली आणि पुढे पायी. वर येता येता त्याचा आवाज आधी पोचायचा. कुणाशी ना कुणाशी बोलत यायचा तो. पण एका पावसाळ्यानंतर तो गुपचूप यायला लागला. तोंडाला मास्क असायचा.

"सर्दी झालीया," असं तो रत्नाला सांगायचा. जेवायला ताट घेऊन गोठ्याकडे जायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. रत्नाला वाटलं, पोरगं मोठं झालं, त्याच्या काही तऱ्हा असतील.

एका शनिवारी दुपारी चिमाजी ओसरीत दोर वळत बसला होता. सोमा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, म्या कालेज सोडतो. म्हशी राखतो हितंच. तुमाला बी मदत हुईल."

चिमाजीचे हात थांबले नाहीत. "तुझी सर्दी लई दिस चालली रं."

"व्हय."

"सर्दी नाकात असती. तुझा आवाज फडक्यामागनं येतोय. म्या आंधळा हाय सोमा, बहिरा न्हाई."

सोमानं मास्क आणखी वर ओढला.

"मास्क काढ."

कानामागची दोरी सुटल्याचा, कापड निघाल्याचा बारीक आवाज झाला. त्याच वेळी रत्ना आतून बाहेर आली आणि दारातच म्हणाली, "आगं आई गं!"

"काय झालं? सांग मला," चिमाजी म्हणाला.

रत्नानं सांगितलं. गालभर, हनुवटीखाली, गळ्यावर लालबुंद फोड होते. काही फुटलेले, काहींवर खपल्या. मधूनमधून कातडीत वळलेले केस. देवळीतून मलाही ते दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. हे कशाचे घाव आहेत ते मी पाहताक्षणी ओळखलं.

मग सोमा हळूहळू बोलायला लागला. पहिली दाढी आली तेव्हा त्यानं खोलीतल्या मुलांचं बघून प्लास्टिकचं, वापरून फेकायचं मशीन आणलं. सकाळी कॉलेजची घाई. साबण नाही, कोमट पाणी नाही. नळाचं पाणी चोपडायचं आणि खालून वर, दाबून, खरडून काढायचं. फोड आले. फोड दिसू नयेत म्हणून त्यावरूनच पुन्हा खरडलं. मग कसलंसं केस काढायचं मलम लावलं, त्यानं तोंड भाजलं. वर्गातली मुलं त्याला 'फणस' म्हणायला लागली. वक्तृत्व स्पर्धेत सरांनी त्याचं नाव घातलं होतं. स्टेजवर मास्क काढावा लागणार म्हणून त्यानं ते नाव मागे घेतलं.

"तू बोलायचं सोडलंस?" चिमाजीनं विचारलं. त्याच्या हातातला दोर आता थांबला होता.

"कोण ऐकतंय आबा? समदी तोंडाकडं बघत्यात."

"मला ईचारायचं की रं."

सोमाच्या तोंडातून निघून गेलं, "तुमाला काय कळणार, तुमी..."

रत्नानं खाली बघितलं. चिमाजी मात्र हसला. "बोल की पुढं. मला दिसत न्हाई. खरं हाय ते. पर रोजच्याला दाढी म्या करतो का तू?"

सोमा रडायला लागला, एवढा मोठा मुलगा. चिमाजीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "आधी दवाखाना. फोड सुकूं देत. तवर तोंडाला काय बी लावायचं न्हाई. अन् कालेज सोडायचं का न्हाई, ते दाढी केल्यावर ठरवू."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणि मलम दिलं, आणि बरं होईपर्यंत धार लावायची नाही असं बजावलं. सोमा मास्क लावून भोरला जात राहिला, पण जात राहिला. खपल्या पडल्या, लाली ओसरली. त्यावर मऊ, विरळ दाढी वाढली. आणि थंडीतल्या एका रविवारी सकाळी चिमाजीनं मला देवळीतून काढलं, जुनं पान काढून डबीत टाकलं आणि नवं पान बसवलं.

"पान आपापलं पायजे," तो सोमाला म्हणाला. "माझं पान तुझ्या तोंडाला न्हाई अन् तुझं माझ्या न्हाई. हे पैलं."

सोमा आतून रत्नाचा कुंकवाचा आरसा घेऊन आला. चिमाजीनं ते ओळखलं.

"आरसा ठिव बाजूला."

"आबा, बघितल्याबिगार कशी करू?"

"आरशात तुला निसते फोड दिसत्यात. आज हातानं बघ. बोटं फिरव गालावरनं. वरनं खाली ये. गुळगुळीत लागलं तर केस तिकडं वाढतोय. खरबरीत लागलं तर तू उलटा चाललायस."

सोमा बोटं फिरवायला लागला. गालावर त्याला कळलं. गळ्यापाशी तो गोंधळला. "हितं कळंना आबा. वरनं बी खरबरीत लागतंय, खालनं बी."

चिमाजीचा हात नकळत पुढे आला आणि मधेच थांबला. "लावू का हात?" त्यानं विचारलं.

मित्रांनो, त्या वेळी मी दगडावर, पाण्याच्या वाटीशेजारी पडलो होतो. मला दोघंही दिसत होते. सोमानं तो थांबलेला हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला.

चिमाजी गळ्यावरचे केस शोधायला निघाला होता, पण त्याचा हात तिकडे गेलाच नाही. तो कपाळावर गेला. भुवयांवरून फिरला. नाकाच्या शेंड्यावर थांबला. गालाच्या उंचवट्यावरून, जबड्याच्या हाडावरून हनुवटीपर्यंत आला. फार सावकाश.

"नाक बदललं की रं," तो म्हणाला. "चपटं व्हतं तुझं. हनुवटी रत्नाची घेतलीस. अन् हे हाड..." त्या हाडावर बोट ठेवूनच तो म्हणाला, "चांगला दिसतोस."

सोमाचे डोळे भरून आले. तो हलला मात्र नाही.

मग धडा सुरू झाला. कढत पाण्यात पिळलेलं फडकं आधी तोंडावर धरायचं, म्हणजे केस नरम पडतात. ब्रशनं फेस गोल गोल चोळायचा, केसाच्या मुळाशी पोचेपर्यंत. गळ्यावर केस आडवे, कानाकडे वाढलेले होते, म्हणून तिथे हातही आडवा चालवायचा. सोमानं मला धरलं तेव्हा त्याची मूठ इतकी आवळलेली होती की माझी जाळी त्याच्या कातड्यात रुतली.

"दाबू नगं," चिमाजी म्हणाला. "त्याचं वजन त्येला हाय. तू निस्ता वाट दाखव. म्हशीच्या कासंला हात लावतोस न्हवं, तसा."

मूठ सैल झाली. मी गालावर टेकलो. नवी, भ्यालेली, दुखावलेली कातडी होती ती. मी माझ्या परीनं जेवढं हळू चालता येईल तेवढं चाललो. खर्र, खर्र, असा बारीक आवाज यायला लागला. चिमाजीनं कान दिला होता.

"ऐकतोस? खरखर येतीया तवर केस हाय. आवाज थांबला की संपलं. आवाज थांबल्यावर पुन्यांदा त्याच जाग्यावर फिरवायचं न्हाई. तुझं तिथंच चुकत व्हतं. केस निघून गेलेला, अन् तू कातडं सोलत बसला व्हतास."

हनुवटीच्या वळणावर सोमाचा हात डगमगला आणि मी चावलो. मला फार वाईट वाटलं. लाल थेंब फेसात उतरला. सोमा दचकला, "आबा, रगत!"

"किती?"

"एक ठिपका."

"मंग तुरटी लाव अन् पुढं चाल. म्या पैल्यांदा केली तवा दोन ठिपके व्हते. ईचार आईला, ती हंडा घिऊन उभी व्हती."

रत्ना दारात उभीच होती. ती पदर तोंडाला लावून हसली.

त्या दिवशी सोमाची दाढी पूर्ण झाली नाही. वरच्या ओठाशी थोडी राहिली, जबड्याखाली एक पट्टा राहिला. चिमाजी म्हणाला, राहू दे, एका दिवसात सगळं करायचं नसतं. गार पाणी मारून, तुरटी फिरवून सोमानं तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी भोरला गेला. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा रत्नानं आधी त्याचा गाल बघितला. नवा फोड नव्हता.

चार-सहा आठवडे असे गेले. सोमाचा हात बसला. भोरच्या बाजारातून त्यानं स्वतःसाठी एक रेझर आणला, माझ्याच घडणीचा. नवा कोरा, लखलखता. देवळीत तो माझ्याशेजारी बसला तेव्हा, खरं सांगतो, मला थोडी धाकधूक वाटली. पण सोमा त्याला आपल्या पिशवीतून घेऊन जायचा आणि परत आणायचा, आणि मी चिमाजीचाच राहिलो. मास्क केव्हा सुटला ते मला नीट सांगता येणार नाही. एका शनिवारी चिमाजीच म्हणाला, "आज आवाज मोकळा येतोय," तेव्हा आमच्या लक्षात आलं.

वक्तृत्वाची पुढची स्पर्धा आली, तेव्हा सोमानं आपणहून नाव दिलं. स्पर्धेनंतरच्या शनिवारी चिमाजी सकाळपासून ओसरीत बसून होता. पायवाटेवर चाहूल लागली तसा उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"नंबर न्हाई आला आबा."

"ते न्हाई ईचारलं. बोललास का?"

"बोललो. पैल्या ओळीत आमच्या वर्गातली समदी बसली व्हती. सुरुवातीला 'फणस' म्हणून कोण तरी हळूच वराडलं. म्या थांबलो न्हाई. मंग गप झाली. सर म्हणलं, आवाज शेवटच्या बाकापतुर आला."

चिमाजीनं हात पुढे केला. या वेळी विचारलं नाही, आणि सोमानंही मान मागे घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक अंगणात शेजारी शेजारी दाढी करायला बसले. चिमाजीला ताप येऊन गेला होता, त्यामुळे आठवडाभराची दाढी वाढली होती. त्यानं तोंड भिजवलं आणि एकाएकी म्हणाला, "सोमा, तुझं तोंड म्या बघितलं. आता माझं तू सांग. म्या किती वर्सं बघितलं न्हाई ते."

सोमानं वळून बघितलं. "कपाळावर दोन आठ्या हायत्या. नाक तसंच. गाल जरासं बसल्यात. दाढी पांढरी..."

चिमाजीचा हात थांबला. "पांढरी?"

"व्हय."

"समदी?"

सोमा गोंधळला. "हनुवटीवर समदी. कानापाशी थोडी काळी हाय. तुमाला ठावं न्हवतं?"

मला ठाऊक होतं. पहिला पांढरा केस मीच कापला होता. पण मला कुठे बोलता येतं? चिमाजीच्या बोटांना केसाची दिशा कळायची, त्याची जाडी कळायची, पण रंग कळत नव्हता. त्याच्या मनातलं त्याचं तोंड विहिरीवर गेला त्या सकाळचं होतं, काळ्याभोर दाढीचं. ते तसंच राहिलं होतं.

"रत्ना!" त्यानं हाक मारली. "माझी दाढी पिकली?"

रत्ना शेण भरत होती. हात तसेच घेऊन ती आली. सोमाकडे तिनं असं काही बघितलं, की तो खाली बघायला लागला. "लई वर्सं झाली त्येला," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस कवा?"

"काय सांगायचं त्यात?"

"अगं, माझी दाढी न्हवं का ती?"

रत्ना हळूच म्हणाली, "तुमच्या ध्यानात म्या अजून पंचविशीतली हाय. तुमची पिकली म्हणून सांगितलं असतं, तर माझं बी केस पिकल्यालं कळलं असतं तुमाला. मला न्हाई कळू द्यायचं व्हतं."

मग चिमाजी हसायला लागला. तोंडाला लावलेल्या फेसातून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सोमा ओरडला, "आबा, मशीन हातात हाय, हलू नका!"

"रत्ना," चिमाजी म्हणाला, "मंग तुझं किती पिकल्यात?"

"सांगत न्हाई जावा," म्हणून ती गोठ्याकडे वळली. पण जाता जाता तिनं स्वच्छ मनगटानं त्याच्या गालावरचा ओघळलेला फेस नीट केला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी आता म्हातारा झालो आहे, पण कामाचा आहे. माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरात असेल तर वापरून झाल्यावर तिला स्वच्छ पाण्यानं धुवा, फडक्यानं टिपा, कोरड्या जागी ठेवा. जुनं पान उघड्यावर टाकू नका. एखाद्या गुराच्या चाऱ्यात ते गेलं, तर मुक्या जिवाच्या जिवावर बेतेल. नवं काही शिकताना हात दुखला, रक्त आलं, तर घाबरू नका, आणि जबरदस्तीही करू नका. आणि घरातलं कुणी तुमच्या तोंडावरून हात फिरवायला पुढे आलं, तर मान मागे घेऊ नका. त्या हाताला काय काय दिसतं, ते मी पाहिलं आहे.